घास खाली पडत नाही

नमस्कार मंडळी. पचनसंस्थेचा धडा आला की आपल्यातले निम्मे शिक्षक लांब पायमोजा आणि चेंडू काढतात. मीही काढते. मोज्याचा पंजा कापायचा, वरून चेंडू घालायचा आणि त्याच्यामागे मूठ आवळत आवळत तो पुढे सरकवायचा. अन्ननलिकेचे स्नायू हेच करतात, घासाच्या मागे आवळतात आणि पुढे सैल पडतात. पण कित्येक वर्षं मी तो मोजा उभा धरत होते. चेंडू निम्मा आपोआप घसरायचा, आणि पेपरात मुलं लिहायची, 'घास पोटात पडतो.' चूक मुलांची नव्हती, माझ्या हाताची होती.

आता मी मोजा उलटा धरते आणि चेंडू खालून वर चढवायला लावते. बोटं दुखतात, पण चेंडू चढतो. मग विचारते, गाय चरताना तिचं तोंड कुठे असतं आणि पोट कुठे? आमच्याकडची मुलं हे रोज बघतात, पण कोणी विचार केलेला नसतो. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, म्हणजे गाय रोज शीर्षासनातच जेवते की!"

दुसरी वस्तू आजीची नऊवारी. नऊ वार म्हणजे 8.2 मीटर. अन्ननलिका वीतभर, सुमारे 25 सेंटीमीटर. लहान आतडं 6 मीटरच्या आसपास, मोठं दीड मीटर. तोंड, जठर धरून हिशेब जवळपास साडीइतकाच भरतो. दोघींनी व्हरांड्यात साडी ताणून धरली की मुलांचे डोळे विस्फारतात: एवढं पोटात मावतं कसं? उत्तर त्यांच्यातलंच कोणीतरी देतं, "निऱ्या घालून खोचायचं!" (ही मापं बहुतेक मृतदेहांवरची. जिवंतपणी स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे लांबी कमी भरते. मोठ्या वर्गात हे जरूर सांगा.)

पण मोजा काय, साडी काय, दोन्हींतून दिसतो तो नुसता प्रवास. चेंडू आत गेला तसाच बाहेर येतो. घास मात्र आत बदलतो, पण तो नुसता दळला जातो की विरघळतो? फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाने 1752 मध्ये हाच गुंता सोडवला. त्याने एका घारीला धातूच्या लहानशा नळीत मांस भरून गिळायला दिलं, नळीची तोंडं जाळीने बंद. घारीने नळी ओकून टाकली तेव्हा ती शाबूत होती, पण आतलं मांस विरघळू लागलं होतं. जठर नुसतं दळत नाही, तिथला रस काम करतो.

वर्गात घार नको, पेज पुरे. भाताची पातळ पेज दोन नळ्यांत घ्या, एकीत लाळ घाला. लाळ ज्याची त्याने स्वतःची, आणि दुसऱ्याच्या नळीला हात लावायचा नाही. नळ्या दहा-पंधरा मिनिटं मुठीत धरा, मग आयोडीनचा थेंब टाका. साधी पेज निळी-काळी होते, स्टार्चला आयोडीन लागलं की हाच रंग येतो. लाळेच्या पेजेत आयोडीनचा पिवळसर-तपकिरी रंग तसाच राहतो, कारण स्टार्चची साखर होत गेलेली असते. पेज मात्र गार असू द्या. मी एकदा घाईत वाफाळती ओतली आणि सगळ्याच नळ्या निळ्या झाल्या. मुलं माझ्याकडे बघतायत, मी नळ्यांकडे! लाळेतलं विकर, म्हणजे स्टार्चची साखर करणारा पदार्थ, उकडून निकामी झालं होतं.

जठरातल्या आम्लात लाळेचं काम थांबतं, हे दाखवायला तिसरी नळी करा. पेजेत आधी व्हिनेगर, मग लाळ. नळी निळी होते. इथे लिंबू वापरू नका. आम्ही वापरलं होतं. आयोडीन टाकलं, निळा रंग आला आणि बघता बघता उडाला. वर्ग ओरडला, 'पचलं, पचलं!' मीही क्षणभर खूश झाले. एका मुलीने गुपचूप लाळ न घातलेल्या पेजेत लिंबू पिळून आयोडीन टाकलं. तिथेही रंग उडाला. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवत होतं, पचनाचा त्यात काही संबंध नव्हता. त्या दिवशी फळा पुसून आम्ही पुन्हा पेज शिजायला ठेवली.