चौथा कोपरा

[दृश्य: तळजाई टेकडी. पहाट. रसाच्या गाडीवर कॅमेरा.]

सकाळचे सव्वासहा. टेबलावर स्टीलचे डबे ओळीने मांडलेत: कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर. टेकडी उतरून आलेले एक काका कारल्याचा रस एका दमात संपवतात, तोंड वाकडं करतात आणि म्हणतात, "लिव्हर धुऊन निघतं."

लिव्हर, म्हणजे आपलं यकृत. उजव्या बरगड्यांखालचा सुमारे दीड किलोचा अवयव. त्याला चहाची गाळणी समजलं की फसगत होते. गाळणीत चोथा साठतो, ती झटकावी लागते. यकृत आलेला माल तिथल्या तिथे बदलून टाकतं: अमोनियाचा युरिया करतं, दारू मोडतं, नको ते पित्तातून किंवा लघवीवाटे बाहेर काढतं. साठते ती चरबी, आणि ती रसाने वाहून जात नाही. जाता जाता एक: दुधीचा रस कडू लागला तर तो घोट थुंकून टाका. कडू दुधी विषारी असतो.

[दृश्य: पांढऱ्या कापडाची लांब पट्टी, पाण्यात भिजवलेली.]

मग योगातली शुद्धी कुठली? १५व्या शतकातल्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात स्वात्मारामांनी षट्कर्मं, म्हणजे सहा शुद्धिक्रिया, सांगितली: धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती. धौतीचं कापड चार बोटं रुंद, पंधरा हात लांब. साडेसात वार! नऊवारीपेक्षा जेमतेम दीड वार कमी, आणि ते गुरूंच्या देखरेखीखाली हळूहळू गिळायचं, मग बाहेर काढायचं. पण त्याच प्रकरणात एक अट आहे. मेद आणि कफ जास्त असेल त्याने आधी ही कर्मं करावीत. ज्याचे वात, पित्त, कफ हे दोष सम आहेत, त्याने करू नयेत. ही अट शुद्धिक्रियांच्या कार्यशाळांच्या जाहिरातींत सहसा सापडत नाही.

[दृश्य: लोणावळ्याकडे जाणारी लोकल.]

पुण्याहून लोकलने दीड-एक तासावर लोणावळा. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना पोटात काय होतं हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं, मोठ्या आतड्यातला दाब मोजला. मोजून बघू, ही वृत्ती मला फार आवडते. यकृत धुतलं जातं, असं त्या दाबावरून निघत नाही.

आहाराचं म्हणाल तर काकांची पंचाईत आहे. हठप्रदीपिकेला हवं स्निग्ध आणि मधुर अन्न: गहू, तांदूळ, मूग, दूध, तूप. वर्ज्य यादीत ताक, कुळीथ, हिंग, लसूण. पुणेकराने जेवायचं तरी काय! पण प्रमाणाबद्दल घेरंडसंहिता हा हठयोगाचा दुसरा ग्रंथ अगदी रोखठोक आहे: अर्धं पोट अन्नाने, पाव पाण्याने, आणि चौथा कोपरा वायूसाठी मोकळा.

आजचे यकृततज्ज्ञही फॅटी लिव्हरला, म्हणजे यकृतात चरबी साठण्याला, वजनाचंच गणित सांगतात. वजन पाच टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. यकृताची सूज उतरायला सात ते दहा टक्के लागतात. ८० किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे चार किलो, दहा टक्के म्हणजे आठ. तेही सावकाश.

[दृश्य: पेठेतली खानावळ, दुपार. अमर्यादित थाळी.]

सकाळचेच काका. दोन पोळ्या झाल्यात, आमटी संपलीय, भाताची मूद अजून यायचीय. वाढपी पोळ्यांचं ताट घेऊन टेबलापाशी थांबतो. "घ्या हो काका, गरम आहे."

काका ताटावर हात आडवा धरतात. बोटांच्या फटीतून वरणाच्या वाटीतलं तूप चमकतंय. वाढपी हलत नाही.