जुनी बुलेट मिसिंग करते तेव्हा

जुनी बुलेट मिसिंग करायला, म्हणजे मधूनच जाळ चुकून झटके द्यायला लागली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूवर जातो. तिथे तो सगळ्यात शेवटी जायला हवा. आज आपण पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क असलेल्या), कास्ट आयर्न ३५० बुलेटबद्दलच बोलू. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. १९५५ पासून मद्रासला जी बनत आली, तीच ही गाडी. तिची तपासणी ठरलेल्या क्रमाने करायची असते: टॅपेट (व्हॉल्व उघडणारी जोडणी), पॉइंटचा गॅप, टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण) आणि मग कार्बोरेटर. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलतं. टायमिंग चुकलेलं असताना लावलेलं मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) टायमिंग सुधारल्यावर पुन्हा चुकतं. क्रम उलटा केला की तेच काम दोनदा करावं लागतं.

टॅपेट थंड इंजिनवरच बघायचे, म्हणजे गाडी रात्रभर उभी असायला हवी. प्लग काढून पिस्टन कंप्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या जागी आणा. दोन्ही व्हॉल्व बंद असले पाहिजेत. सिलिंडरच्या उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण उघडा. दोन्ही पुशरॉड (टॅपेटपासून वर व्हॉल्वकडे जाणारे दांडे) बोटाने सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. लॉकनट आवळताना सेटिंग हमखास सरकतं, त्यामुळे आवळून झाल्यावर पुशरॉड पुन्हा फिरवून बघा. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट राहिला तर गाडी थंड असताना छान चालते. गरम झाली की व्हॉल्व पूर्ण बसत नाही, कंप्रेशन उतरतं आणि सिग्नलला आयडलिंग मरतं. हे दुर्लक्षून गाडी चालवत राहिलात, तर व्हॉल्वची कड जळते.

डिकंप्रेसरची (कंप्रेशन सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्वची) केबलही याच वेळी बघून घ्या. ती ताणलेली असेल तर डिकंप्रेसरचा व्हॉल्व किंचित उघडा राहतो. मग फुसफुस आवाज येतो, सायलेन्सरमध्ये फटके बसतात आणि लोक कार्बोरेटर खोलतात. केबलला दीड-दोन मिलिमीटर ढील हवी.

आता पॉइंट. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. कॅमने पॉइंट पूर्ण उघडला असतानाच फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. पण गॅपच्या आधी पॉइंटचे चेहरे बघा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसलं, किंवा चेहरे निळसर-काळे जळलेले असले, तर संशय कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या भागावर) घ्या. अंधारात इंजिन चालू ठेवून पॉइंटकडे बघा. तिथे सतत मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर बदला. खड्डा पडलेल्या पॉइंटवर फीलर गेज खोटं माप देतं, म्हणून पॉइंट आधी बारीक फाइलने सपाट करा. जाड पॉलिश पेपर नको, त्याचे कण पॉइंटमध्ये रुतून बसतात. शेवटी पेट्रोलने पुसा आणि कोरं कार्ड पॉइंटमधून ओढून घ्या.

कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात हवा. तो नसला की पॉइंटची कॅमला टेकणारी फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू मागे जातं. ग्रीस जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि जळतं. पॉइंट ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. बुश झिजला असेल तर गॅप दर फेरीला वेगळा पडतो. अशा गाडीचं टायमिंग कितीही नीट लावा, ते टिकत नाही. आधी बुशच बदलावा लागतो.

पॉइंटखालचं ऑटो-अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी आणणारी वजनं आणि स्प्रिंग) लोक विसरतात. कॅम बोटाने अ‍ॅडव्हान्सच्या दिशेला फिरवून सोडा. स्प्रिंगने तो झटकन मागे यायला हवा. वजनं गंजून अ‍ॅडव्हान्सलाच अडकली तर किक उलटी बसते आणि आयडलिंग डगमगतं. रिटार्डला, म्हणजे ठिणगी उशिरा पडण्याच्या बाजूला अडकली तर पिकअप जातो आणि सायलेन्सरचा पाइप निळा पडतो.

टायमिंग लावायला बुलेटचा अ‍ॅमीटर (बॅटरीचा करंट दाखवणारा काटा) हे उत्तम साधन आहे. गाडी मेन स्टँडवर, प्लग बाहेर, टॉप गिअर टाकलेला, इग्निशन चालू, लाइट बंद. पॉइंट बंद असताना काटा वजा बाजूला झुकतो. मागचं चाक पुढच्याच दिशेने सावकाश फिरवत कंप्रेशनच्या टीडीसीकडे या. काटा शून्यावर उडी मारतो, त्या क्षणी पॉइंट उघडलेला असतो. पूर्ण रिटार्ड स्थितीत हा क्षण टीडीसीच्या ०.८ मिमी आधी यायला हवा. पिस्टनची जागा प्लगच्या भोकातून स्पोक घालून कळते. जरा पुढे गेलात तर तेवढंच मागे आणू नका, गिअरमधली ढील माप चुकवते. चांगलं मागे नेऊन पुन्हा पुढे या. माप लागत नसेल तर डिस्ट्रिब्यूटरची बॉडी ढिली करून किंचित फिरवा. ती कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरवली की टायमिंग अ‍ॅडव्हान्स होतं. पॉइंट बंद असताना इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.

संथ ‘डुगडुग’ मिळावी म्हणून मुद्दाम टायमिंग रिटार्ड करणारे खूप आहेत. तसं करू नका. जाळ उशिरा लागतो, एक्झॉस्ट व्हॉल्व आणि हेड तापतं, आणि पुढे मिसिंगची तक्रार घेऊन तीच गाडी परत येते.

गाडी फक्त गरम झाल्यावर मिस करत असेल, तर ती गरम असतानाच तपासा. ठिणगी बारीक पडत असेल तर कॉइल आणि कंडेन्सर बघा. ठिणगी जोरदार पण किक हलकी लागत असेल तर पुन्हा टॅपेटकडे वळा. काही किलोमीटर चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो, तेव्हा झाकणाचं वेंट बुजलेलं असतं.

हे सगळं जागेवर असेल तरच कार्बोरेटरला हात लावा. आधी कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला जोड बघा. इंजिन आयडलवर ठेवून त्या जोडावर साबणाचं पाणी सोडा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते आहे. बोल्ट जास्त आवळल्याने फ्लँज वाकलेला असू शकतो, तो काचेवर ठेवून तपासा.

पुढचं निदान थ्रॉटलच्या स्थितीवरून होतं. ग्रिपवर चिकटपट्टी लावून खुणा करून घ्या. पाव थ्रॉटलच्या आत मिसिंग असेल तर पायलट जेट आणि एअर स्क्रू बघा. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आवळून सुमारे दीड फेरी सोडा आणि तिथून शोधा. मिककार्ब कार्बोरेटरचा हा स्क्रू सोडला की मिक्श्चर पातळ होतं. पाव ते पाऊण थ्रॉटल सुईच्या हाती, त्यापुढे मेन जेट. ज्या स्थितीचा संशय आहे त्या स्थितीत दोन किलोमीटर चालवा, क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि प्लग काढा. बिस्किटी रंग ठीक. पांढरा म्हणजे मिक्श्चर पातळ, कोरडी काजळी म्हणजे जाड. प्लग ओलसर, तेलकट निघाला तर तेल वर येतंय. त्यावर जेट बदलून काही होणार नाही.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, त्यामुळे जुन्या जेटिंगवर मिक्श्चर पातळ पडतं. मधल्या थ्रॉटलला गाडी खोकत असेल आणि प्लग पांढरा निघत असेल, तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या. सुई वर येते आणि मिक्श्चर जाड होतं. इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करा. पेट्रोल कॉकचे जुने रबर फुगलेले दिसले तर इथेनॉल सोसणारे टाका.