जो न्याय कॅटनिसला, तोच तिच्या आईला

मित्रहो, आजचा जाहीर झालेला विषय 'कॅटनिसने होकार का दिला?' असा आहे आणि त्या होकारापर्यंत मी येणारच आहे. सुझन कॉलिन्स यांच्या 'हंगर गेम्स' मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकाच्या, 'मॉकिंगजे'च्या, शेवटी सात हयात विजेते एकत्र बसतात, हरलेल्या राजधानीच्या, म्हणजे कॅपिटॉलच्या, मुलांना घेऊन एकदा शेवटचे हंगर गेम्स, म्हणजे मुलांनी एकमेकांना मारण्याचे खेळ, भरवायचे की नाही यावर मत देतात आणि ज्या मुलीने या खेळांपायी सगळे गमावले ती कॅटनिस एव्हरडीन 'हो' म्हणते. पुस्तक २०१० साली आले, तेव्हापासून चाहत्यांचा हा वाद मिटलेला नाही. पण त्या बैठकीत शिरण्याआधी मला तुम्हाला कॅटनिसच्या कोळसा खाणींच्या जिल्ह्यातल्या, डिस्ट्रिक्ट १२ मधल्या, एका घरात न्यायचे आहे, कारण त्या मताची किल्ली तिथे आहे असे माझे अनेक वर्षांचे म्हणणे आहे. सभागृहातल्या सर्वांनी तिन्ही पुस्तके वाचली आहेत असे मी धरून चालते.

कॅटनिसवर प्रेम करणारे दोघे आहेत, बेकरीवाल्याचा मुलगा पीटा आणि शिकारीतला सोबती गेल; आधी त्यांच्यावर हात वर करून घेऊ. पीटाच्या बाजूचे किती? आणि गेलच्या बाजूचे? ठीक. आता कॅटनिसच्या आईच्या बाजूचे? दोन. मागच्या रांगेत एक हात अर्धाच वर गेला आहे, तोही मी मोजते.

मला हेच दाखवायचे होते. पीटा की गेल या प्रश्नावर आपण रात्री जागवल्या आहेत. लढाईत मेलेल्या फिनिकसाठी रडलो आहोत, कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिच याच्या दारूला कारणे शोधली आहेत आणि वृद्ध राष्ट्राध्यक्ष स्नोच्या तरुणपणाबद्दल २०२० साली एक अख्खी कादंबरी आली तेव्हा त्याच्याही बाजूने चार शब्द बोलणारे वाचक मी पाहिले आहेत. पण नवरा कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात गेल्यावर जी बाई अंथरुणाला खिळली, तिच्या वाट्याला एकच शब्द येतो, 'दुबळी', आणि चर्चा पुढे सरकते.

आमच्या वाचनगटात घडलेली एक गोष्ट मी जिथे जाते तिथे सांगते, आजही सांगणार आहे. आम्ही एका संध्याकाळी 'कोणाला माफ करायचे' असा खेळ मांडला होता. एकेका पात्राचे नाव घ्यायचे, दोन्ही बाजूंनी बोलायचे आणि शेवटी हात वर करून निकाल द्यायचा. गेलवर आम्ही दोन तास भांडलो. ज्या सापळ्यात पहिल्या स्फोटानंतर मदतीला धावणाऱ्यांसाठी दुसरा स्फोट राखून ठेवलेला असतो, त्याची कल्पना त्याची होती. पण तो बॉम्ब त्याने टाकला होता का, आणि त्यात मेलेली कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम तिथे असेल हे त्याला कसे कळणार होते, असे कितीतरी मुद्दे निघाले. एकमेकांचा आवाज चढला, चहा थंड झाला. मग आईचे नाव निघाले. नाव म्हणजे 'कॅटनिसची आई' एवढेच. अर्ध्या मिनिटात निकाल लागला: माफी नाही. मुलींना उपाशी ठेवले, आणि प्रिम गेल्यावर पुन्हा मोठीला टाकून डिस्ट्रिक्ट ४ ला निघून गेली; बोलण्यासारखे आहेच काय?

संध्याकाळभर गप्प बसलेल्या एका मुलीने तेव्हा विचारले, "पण तिचे नाव काय आहे?" आम्ही सगळे थांबलो. कोणीतरी पहिले पुस्तक उघडले, कोणी तिसरे. दहा मिनिटे खोलीत फक्त पाने उलटण्याचा आवाज होता. नाव सापडले नाही, कारण त्या तीन पुस्तकांत ते नाहीच. गेलच्या आईला नाव आहे, प्रिमच्या मांजरालाही आहे. कॅटनिसच्या आईला नाही, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते आजवर लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. मी ती पुस्तके तोवर चार वेळा वाचलेली होती. त्या रात्री मी घरी जाऊन पाचव्यांदा वाचायला घेतली, या खेपेस फक्त तिच्यासाठी.

तिचे नाव पुढे २०२५ च्या कादंबरीत आले. पन्नासाव्या खेळांच्या आणि सोळा वर्षांच्या हेमिचच्या त्या गोष्टीत ती तरुण मुलगी म्हणून भेटते: ॲस्टरिड मार्च, औषधांच्या दुकानातली. हेमिचचा जिवलग मित्र बर्डॉक एव्हरडीन तिच्यावर प्रेम करतो. वनस्पतिशास्त्रात ॲस्टरिड हे सपुष्प वनस्पतींच्या एका मोठ्या गटाचे नाव आहे आणि डँडेलियन हे खाता येणारे पिवळे रानफूल त्याच गटात मोडते. हे ऐकून काहींच्या चेहऱ्यावर उजेड पडलेला मला इथून दिसतो आहे, कारण डँडेलियन म्हटले की आपल्याला पीटा आठवतो.

तो प्रसंग आठवून पाहा. वडील जानेवारीत गेलेले आहेत, खाणीकडून मिळालेली तुटपुंजी भरपाई संपलेली आहे. अकरा वर्षांची कॅटनिस बर्फासारख्या पावसात प्रिमचे तान्हेपणीचे कपडे विकायला निघते आणि कोणीच ते घेत नाही. बेकरीच्या मागे ती कोसळते. पीटा मुद्दाम पाव करपवतो, आईचा मार खातो आणि गालावर वळ घेऊन दोन पाव तिच्या दिशेने टाकतो. ती ते गरम पाव शर्टाखाली दडवून घरी नेते. दुसऱ्या दिवशी शाळेत पीटाशी नजरानजर होते, ती मान खाली घालते आणि तिला वर्षातले पहिले डँडेलियन दिसते. इथवर सर्वांना पाठ आहे. पण त्यानंतर काय होते? त्या रात्री दोघी बहिणी एक जुने पुस्तक उघडून बसतात. त्यात शाईने काढलेली वनस्पतींची चित्रे आहेत. वडिलांनी त्यात खाण्याजोग्या वनस्पतींच्या नोंदींची भर घातली होती आणि कॅटनिस आपल्याला वडिलांचीच आठवण सांगते. मात्र ते पुस्तक घरात आणले होते आईने, माहेरच्या औषधांच्या दुकानातून. पीटाच्या पावाने एक दिवस निभावला आणि पुढची वर्षे त्या वहीने तारली. पावाचे देणे कॅटनिसच्या मनातून कधीच फिटत नाही, खेळांतला प्रतिस्पर्धी थ्रेश याच्या हातात दगड असतानाही ती त्याला तेच समजावते. वहीचे देणे मात्र ती आईच्या नावावर कधी मांडतच नाही.

यात कॅटनिसचा दोष काढण्याचा माझा हेतू मुळीच नाही. सुझन कॉलिन्स यांनी ही कथा प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात लिहिली आहे. 'मी बघते', 'मी धावते', 'मी नेम धरते' अशा भाषेत बोलणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला मागे वळून आपले मत तपासण्याची उसंत नसते. आईबद्दलचा तिचा निकाल अकराव्या वर्षी, उपाशीपोटी लागलेला आहे, आणि उपाशी मुलाला तो अधिकार आहे. आपल्याला तो नाही, कारण आपण पोटभर जेवून, खुर्चीत बसून वाचतो. निवेदकाला जे दिसत नाही ते पाहणे हे वाचकाचे काम आहे. आपल्यापैकी काहींना तर निवेदकाने स्वच्छ सांगितलेलेही दिसत नाही. खेळांत कॅटनिसची सोबती झालेल्या लहानग्या रूची त्वचा गडद तपकिरी असल्याचे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले असताना २०१२ च्या चित्रपटात तशी मुलगी पाहून काही चाहत्यांनी जो कांगावा केला, तो आठवला की मला आजही वाईट वाटते.

आता 'कॅचिंग फायर' या दुसऱ्या पुस्तकातले स्वयंपाकघर. चाबकाच्या माराने पाठ सोललेल्या गेलला टेबलावर पालथे झोपवले आहे. आई जखमा धुते आहे, एकेक फाटका तुकडा जागच्या जागी बसवते आहे आणि जवळचे औषध किती पुरेल याचा हिशेब करते आहे. वेदना थांबवणारे औषध आधी दे म्हणून कॅटनिस तिच्यावर ओरडते, शिव्या देते. आईचा हात थांबत नाही. हिला बाहेर न्या, एवढेच ती सांगते. नंतर कॅटनिस ओशाळते, तेव्हा आई तिला समजावते की याहून वाईट बोलणी मी ऐकली आहेत, आपले माणूस वेदनेत असले की लोक कसे होतात ते तूही पाहिले आहेस. गेलच्या बाजूचे वाचक या वाक्याचा पुरावा म्हणून किती वेळा वापर करतात! 'आपले माणूस' म्हणजे गेल, म्हणजे तिचे त्याच्यावर प्रेम आहे. पण हे बोलणारी बाई कोण आहे? आपले माणूस खाणीत गमावल्यावर स्वतः काय झालो होतो हे जाणणारी ती आहे. स्वतःवर ओरडणाऱ्या मुलीला ती एका क्षणात माफ करते. ही माफी तिला आमच्या गटात त्या संध्याकाळी मिळाली नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. माझ्याकडे सात मिनिटे उरली आहेत आणि होकार अजून बाकी आहे, तेव्हा आता भराभर सांगते.

बैठकीत पीटा, ॲनी आणि बीटी 'नाही' म्हणतात. जोहाना आणि एनोबारिया 'हो' म्हणतात. उरतात कॅटनिस आणि हेमिच. कॅटनिस प्रिमच्या नावाने होकार देते, हेमिच आपण मॉकिंगजेसोबत, म्हणजे बंडाचे प्रतीक झालेल्या कॅटनिससोबत, असल्याचे सांगतो आणि प्रस्ताव चार विरुद्ध तीन असा मंजूर होतो. एक पक्ष म्हणतो की हा सूड होता. दुसरा म्हणतो की हा डाव होता, बंडाची नेता कॉइन हिला बेसावध ठेवून बाण तिच्यावर सोडण्यासाठी. मी दुसऱ्या पक्षाची आहे. बैठकीच्या आधीच काचघरातल्या गुलाबांमध्ये स्नोने तिला सांगितलेले आहे की प्रिमचा जीव घेणारे ते बॉम्ब कॉइनचे होते. प्रस्ताव ऐकताच तिच्या मनात येते की पंच्याहत्तर वर्षांपूर्वीही असेच झाले असेल, काहीच बदललेले नाही. ज्या मुलीला हे दिसले ती सूडासाठी मत देत नाही.

पण माझा खरा मुद्दा हेमिचच्या मताचा आहे. मत देऊन कॅटनिस त्याच्याकडे पाहते आणि हा आपल्याला खरोखर किती ओळखतो हे आता कळेल असे तिला वाटते. पहिल्या खेळांच्या मैदानात ती तहानेने मरत असताना त्याने पाणी पाठवले नव्हते आणि त्या न पाठवण्यातूनच, पाणी जवळ आहे, हे तिने ओळखले होते. न बोलता सांगणे आणि न सांगता ओळखणे ही या दोघांची भाषा आहे. म्हणून तिच्या होकारामागचे तो वाचतो. तिच्या आईचे मौन मात्र कोणी वाचले नाही. पहिल्या पुस्तकात, खेळांसाठीच्या निवडीनंतरच्या निरोपाच्या भेटीत, आई एकदाच सांगते की मी आजारी होते, आज आहे ते औषध तेव्हा असते तर मी स्वतःवर उपचार केले असते. कॅटनिसला तेव्हा ते ऐकून घ्यायला सवड नव्हती.

प्रिम गेल्यावर कॅटनिसचे काय होते? तिची वाचा जाते. डिस्ट्रिक्ट १२ ला परतल्यावर ती दिवसेंदिवस शेगडीसमोर बसून राहते, अंघोळ करत नाही, आणि गावातली म्हातारी ग्रीझी से तिला शिजवून घालते. ही हुबेहूब तिची आई आहे. फरक इतकाच की घरात तिच्यावर अवलंबून असलेले मूल नाही. कॉइनच्या हत्येचा खटला तिच्या गैरहजेरीत चालतो आणि ती सुटते, कारण डॉक्टर ऑरेलियस ही मुलगी युद्धाच्या धक्क्याने भान हरपलेली असल्याचे सांगतात. न्यायालयाने तिला ज्या आजारासाठी सोडले, तोच आजार आईला झाला तेव्हा आपण तिला दुबळी ठरवून मोकळे झालो. कॅटनिसच्या होकारामागचा हेतू शोधायला आपण पंधरा वर्षे दिली आहेत. आईच्या अंथरुणामागचे कारण तर पुस्तकात छापलेले आहे.

घंटा वाजली. डिस्ट्रिक्ट ४ चा आक्षेप राहिला, त्याचे उत्तर देऊन थांबते. ती तिथे इस्पितळ उभारायला गेली आणि मुलीसाठी पत्र पाठवले. नवरा, धाकटी मुलगी आणि राखेचे ढीग जिथे आहेत तिथे ती का येऊ शकत नाही, हे हेमिच सांगण्याआधीच कॅटनिसला ठाऊक असते. पत्र बरेच दिवस बंद राहते. मग प्रिमचे मांजर, बटरकप, मैलोगणती चालत घरी येते, प्रिमला शोधते, आणि कॅटनिस त्याच्यासमोर पहिल्यांदा मोकळेपणी रडते. सकाळी ती त्याच्या जखमा धुते, पंज्यातला काटा काढते. हे काम तिच्या आईचे आणि प्रिमचे होते. रक्त दिसले की घराबाहेर पळून जाणारी ही मुलगी होती. काटा निघाल्यावर ती पत्र उघडते, त्यातला नंबर फिरवते आणि आईबरोबरही रडते. मूळ पुस्तकात हे एकाच वाक्यात आहे. घरी गेल्यावर ते पान काढून पाहा.