बाजाराचं ओझं पेलणारी क्रोशाची थैली: तळ, टाका आणि नवार

राम राम मंडळी! ही थैली बघा. (थैली टेबलावर ठेवायची.) यात दोन किलो बटाटे आहेत, किलोभर कांदे, पाण्याची भरलेली बाटली आणि अंगणवाडीचं एक जाडजूड रजिस्टर. हात सोडला तरी उभी आहे. आता उचलते. (बंद धरून उचलायची.) तळ बघा, फुगला नाही. बंद बघा, लांबले नाहीत.

क्रोशाची थैली म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ती जाळीची, लोंबणारी पिशवी येते. दिसायला छान, पण चार वांगी टाकली की गुडघ्याला लागते. त्यात आपली चूक नाही. आपल्याकडे क्रोशा आला तो तोरणासाठी, टीव्हीवरच्या रुमालासाठी, ताटावर झाकायच्या जाळीसाठी. तिथं ओझं कुठं असतं? तेच नमुने आपण थैलीला लावतो आणि मग क्रोशालाच नावं ठेवतो.

शेजारच्या काकूंनी मला विणताना पाहिलं अन् म्हणाल्या, "कायले एवढा कुटाना करून राहिली वं? बजारात शंभरात भेटते थैली." भेटते ना, काकू. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून तर त्या कापडासारख्या दिसणाऱ्या थैल्या गल्लोगल्ली आहेत. पण त्यांचा बंद शिवणीतून सुटतो तो नेमका आठवडी बाजारात, भर गर्दीत.

आज डिझाइन नाही, फुलं नाहीत. आज फक्त ओझ्याचं बोलायचं. ओझं पडल्यावर थैली तीन ठिकाणी हार मानते: तळ लोंबतो, तोंड फाकतं आणि बंद ताणले जातात. या तीन जागा सांभाळल्या की मधल्या भागात तुम्हाला हवं ते करा.

आधी दोरी. तालुक्याच्या दुकानात लोकर मागितली की ॲक्रिलिकच हातात देतात. ती स्वेटरला ठीक, थैलीला नको. ती मऊ असते आणि ओझ्यानं ताणली की पुन्हा जागेवर येत नाही. आपल्याला हवी मॅक्रमेची, म्हणजे गाठी मारून शोभेच्या वस्तू करतात ती सुती दोरी, 3 मिलिमीटर जाडीची. त्यातही गुंफलेली घ्या, नुसती पिळाची नको. पिळाच्या दोरीत सुई घुसते आणि दोरीचे धागे सुटतात, मग काम पुढे सरकतच नाही. गंमत बघा, दिवाळीनंतर आपल्या यवतमाळात घराघरात कापसाची गंजी लागलेली असते, माणसाला झोपायला जागा उरत नाही, आणि सुती दोरी मात्र आपण पार्सलनं मागवतो. असो.

दोरी किती लागेल, हे मला सगळे विचारतात. माझ्या आकड्यावर जाऊ नका, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. असं करा: नमुन्याचा छोटा तुकडा विणा, त्यातले दहा टाके उसवा आणि सुटलेली दोरी टेपनं मोजा. समजा 35 सेंटीमीटर भरली. आजच्या थैलीला बंदांचं धरून साडेपाच हजारांच्या आसपास टाके लागतात. म्हणजे झाली साधारण 192 मीटर. वर थोडी जास्तीची घ्या, कारण पुढच्या वेळी त्याच रंगाची छटा मिळेलच असं नाही.

सुई 5 मिलिमीटरची. दोरीच्या पाकिटावर 6 लिहिलं असेल तरी 5 चीच घ्या. पाकिटावरचा आकडा अंगावर घालायच्या मऊ कामासाठी असतो. आपल्याला घट्ट काम हवंय, इतकं की विणलेला तुकडा दिव्यासमोर धरला तर आरपार उजेड दिसू नये.

आता टाका. (कॅमेरा हातांवर.) इथं जरा थांबू, कारण सगळी गंमत इथं आहे.

क्रोशाचं कापड म्हणजे नुसते फासे, एकात एक अडकवलेले. वजन पडलं की फासा सरळ व्हायला बघतो आणि शेजारच्या फाशातली दोरी ओढून घेतो. खांब, म्हणजे सुईवर आधी दोरीचा वेढा घेऊन केलेला टाका, उंच असतो, त्यात मोकळी दोरी जास्त, म्हणून तो जास्त लांबतो. मुका खांब, म्हणजे वेढा न घेता केलेला टाका, बुटका असतो, त्याला ओढायला दोरीच नसते. म्हणून अख्खी थैली मुक्या खांबात. हळू होते, मान्य आहे.

पण मुका खांबही दोन तऱ्हांनी होतो. नेहमी आपण काय करतो? सुई घरात, म्हणजे खालच्या टाक्याच्या माथ्यात घालतो, दोरी सुईवर घेतो आणि ओढून काढतो. आता हे बघा. सुई घरात घातली. दोरी सुईवर घ्यायची नाही. उलट सुई दोरीच्या वरून न्यायची, आकड्यानं दोरी खाली दाबून पकडायची आणि बाहेर काढायची. सुईवर दोन फासे झाले. आता नेहमीसारखी दोरी घेऊन दोन्हीतून काढायची. फरक फक्त पहिल्या ओढीत आहे. (दोन तुकडे शेजारी शेजारी धरायचे.) डावीकडं नेहमीचा टाका, पाय तिरपे. उजवीकडं हा, प्रत्येक टाक्यात फुली दिसते. तितकेच टाके, तितक्याच ओळी, पण उजवा तुकडा लहान झालाय आणि बोटानं ताणून बघा, हलत नाही. शिवाय गोल गोल विणताना टाके एका बाजूला सरकत जातात, तेही यात कमी होतं.

सुरुवातीला हात चुकतो, सवयीनं दोरी सुईवर येते. दोन ओळींनंतर बसतं. मनगट दुखायला लागलं तर उठा, चहा करा. घट्ट कामात हट्ट करायचा नाही.

तळाला लागू. 26 साखळ्या घाला. सुईजवळची एक सोडा, उरल्या 25. आता पुढच्या 24 साखळ्यांत एकेक मुका खांब. शेवटच्या साखळीत तीन. तिथं काम वळतं, साखळीच्या दुसऱ्या बाजूनं परत यायचं: 23 घरांत एकेक आणि शेवटच्या घरात दोन. मोजा, 52 झाले पाहिजेत. पहिल्या टाक्यात सेफ्टीपिन अडकवा. आपण फेर जोडत नाही, गोल गोल चढत जातो, पिन नसेल तर फेर कुठं सुरू झाला ते कळणारच नाही.

पुढच्या प्रत्येक फेरात सहा टाके वाढवायचे, म्हणजे सहा घरांत एकाऐवजी दोन-दोन टाके घालायचे, तीन या टोकाला, तीन त्या टोकाला. म्हणजे 58, 64, 70, 76, 82 आणि सातव्या फेरात 88. वाढवायची जागा दर फेरात एक-दोन घरं सरकवा. एकावर एक वाढवलं की टोकाला कोपरे निघतात आणि तळ लंबगोल राहत नाही. तळ जमिनीवर ठेवून बघा. कडा लाटांसारख्या उठल्या तर कुठंतरी टाके जास्त झालेत. वाटीसारखा वर आला तर कमी पडलेत. उसवा. इथं चालवून घेतलं तर वरची अख्खी थैली वाकडी बसेल. माझ्या हातानं हा तळ साधारण 27 सेंटीमीटर लांब आणि 9 रुंद येतो, डबा आडवा मावतो.

आता कड. टाक्याच्या माथ्यावर दोन दोऱ्या दिसतात, वेणीच्या पेडांसारख्या. आठव्या फेरात वाढ नाही, 88 च टाके, पण सुई फक्त मागच्या दोरीतून घालायची. पुढची दोरी मोकळी सोडायची. हे केलं की कापड तिथंच काटकोनात वर वळतं. (कड जवळून दाखवायची.) सगळी थैली झाली की या मोकळ्या दोऱ्यांतून एक फेर सरक टाका घाला, म्हणजे दोरी ओढली की ती थेट सुईवरच्या फाशातूनही काढायची. तळाला चौफेर उंचवटा येतो. थैली उभी राहते ती याच्या जोरावर.

बाजूंबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 88 टाके, फुलीचा मुका खांब, 28 ते 30 सेंटीमीटर उंच होईपर्यंत. शेवटचे दोन फेर 4 मिलिमीटरच्या सुईनं विणा आणि वर एक फेर सरक टाक्याचा, म्हणजे तोंड फाकत नाही. पट्टे घाला, दोन रंग घाला, तुमची मर्जी.

आणि आता बंद. बहुतेक व्हिडिओत काय दाखवतात? तोंडाजवळ मधले टाके सोडायचे, चाळीसेक साखळ्या घालायच्या आणि त्यावर विणत जायचं. सोपं आहे, दिसतंही सुरेख. पण पाच किलोचं ओझं चार टाक्यांवर लटकतं. आधी बंद लांबतो, मग ते चार टाके थैलीलाच वर ओढतात आणि तोंडाला चोच येते. मुलीच्या कंपास-वहीसाठी चालेल. बाजारासाठी नाही.

आपल्याकडं यावर उत्तर पिढ्यान्‌पिढ्या घरात पडलंय: नवार. (नवारीचा गुंडाळा दाखवायचा.) ज्या पट्टीवर अख्खा माणूस झोपतो, ती तुमचे बटाटे पेलणार नाही का? खाटेची नवार रुंद असते, आपल्याला इंचभर रुंदीची पट्टी हवी. अडीच मीटर घ्या. ही एकच पट्टी सलग फिरवायची: तळावरून सुरू करून पुढच्या बाजूनं वर, बंद, परत खाली, तळावरून मागं, मागच्या बाजूनं वर, दुसरा बंद, परत खाली, आणि टोक तळाशीच पहिल्या टोकावर चढवायचं. सगळं थैलीच्या आतून. म्हणजे ओझं टाक्यांवर येतच नाही, ते नवारीच्या झोळीत बसतं. विणकाम फक्त आकार धरून ठेवतं.

हिशेब बघा: चार वेळा उंची 29, झाले 116. तळावरून दोनदा 9, म्हणजे 18. दोन बंद 55 चे, 110. एकूण 244, वर पाच सेंटीमीटर जोडाला. खांद्याला नको, हातातच धरायची असेल तर बंद 35 चे करा.

नवार आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटेल आणि थैली चुणेल. मग गोधडीच्या सुईनं, जाड दोऱ्यानं, दोन्ही कडांना टाचत जा. टाका विणकामाच्या पोटात घ्यायचा, बाहेर दिसू द्यायचा नाही. तोंडाशी जिथून पट्टी थैलीच्या बाहेर पडते, तिथं चौकोन शिवा आणि चौकोनात फुली मारा. शाळेच्या दप्तराला असते तशीच शिवण. गोणी शिवायचं दाभण मात्र इथं नको, नवारीला मोठी भोकं पडतात.

उघड्या नवारीवर विणकामाचं कव्हर चढवायचं. लांबीच्या दिशेनं विणा, आडव्या छोट्या ओळींत नाही. लांब ओळ कमी ताणली जाते. 76 साखळ्या, एक सोडून 75 मुके खांब, नवारीला वेढा बसेल इतक्या ओळी. 55 सेंटीमीटरपेक्षा किंचित कमी भरलं तर चांगलंच, ताणून बसवा. मग दोन्ही कडा सरक टाक्यानं जोडून टाका.

तळात कडक काहीतरी हवं. पुठ्ठा घालू नका, पावसाळ्यात एका ओल्या मेथीच्या जुडीनं त्याचा लगदा होतो. तेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्याची सपाट बाजू कात्रीनं तळाच्या आकारात कापा, कोपरे गोल करा, नाहीतर ते अस्तर फाडतात. हा तुकडा नवारीवर ठेवा आणि वरून मांजरपाटाचं अस्तर. अस्तरही आधी धुवून घ्यायचं. ते थैलीपेक्षा बोटभर लहानच शिवा. मोठं शिवलं तर ओझं पुन्हा विणकामावर जातं. एक आतला खिसा ठेवा, मोबाईल आणि सुटे पैसे बटाट्यांत शोधायला लागू नयेत.

बचत गटातल्या ज्या बाया विकायला करतात, त्यांना एक सांगते. गिऱ्हाईक भाव पाडतं तेव्हा तास मोजून दाखवू नका, कोणी ऐकत नाही. स्टॉलवर एका थैलीत पाच किलो तांदूळ घालून ती दिवसभर टांगून ठेवा. बघणारा स्वतःच उचलून बघतो.

धुताना: प्लॅस्टिकचा तुकडा काढता यावा म्हणून अस्तराची एक बाजू बटणाची ठेवा. सुती दोरी पाणी पिऊन जड होते, त्यामुळे ओली थैली बंदांनी दोरीवर वाळत घालू नका. खाटेवर आडवी पसरा, सावलीत. आपल्या मे महिन्याच्या उन्हात रंगीत दोरी आठवड्यात फिकी पडते.

साखळीपासून कडेपर्यंतचा भाग मी पुढच्या व्हिडिओत हळू करून, टाक्यागणिक दाखवते. तोवर तळ करून ठेवा, आणि 88 च्या जागी 87 आले तर तसंच लिहा, कुठं सुटला ते आपण शोधू.