पुढे न जाणारी सायकल

(दृश्य: सोमेश्वरजवळ गोदावरीचं पात्र, उन्हाळ्याची सकाळ. कोरडा काळा कातळ, त्यावर सायकलवर उभा एक तरुण. ब्रेकची कर्कश किंचाळी.)

नाशिककरांना सायकल म्हटलं की किलोमीटर आठवतात. इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघातून ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून निघून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. त्र्यंबक रोडला रविवारी पहाटे चहाच्या टपरीवर थांबा, कानावर येईल तो हाच प्रश्न: आज किती झाले?

हा तरुण मात्र अर्ध्या तासात वीस फूटसुद्धा पुढे गेलेला नाही. आणि घामाने निथळतोय.

(दृश्य: दोन्ही चाकं स्थिर. पाय पेडलवर.)

या खेळाचं नाव ट्रायल्स. दगड, ओंडके, कठडे यांच्यावरून सायकल न्यायची, पाय खाली न टेकता.

चालत्या सायकलचा तोल आपण कधी मोजत बसत नाही. डावीकडे कललो की हात नकळत हँडल डावीकडे वळवतात, चाकं कलत्या अंगाखाली येतात आणि आपण सावरतो. पण त्यासाठी चाक फिरत असावं लागतं. सायकल थांबली की ही सोय संपली.

ट्रॅक स्टँडमध्ये, म्हणजे थांबलेल्या सायकलवर पाय न टेकता तोल धरण्यात, यावर एक नामी तोड आहे. पुढचं चाक डावीकडे चांगलं वळवून ठेवायचं, साधारण ४५ अंश. आता सायकल चार बोटं पुढे सरकली की पुढचा टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा डावीकडे जाते. चार बोटं मागे आली की उजवीकडे. म्हणजे डावीकडे तोल चालला, तर पेडलवर किंचित जोर. उजवीकडे चालला, तर सायकल जराशी मागे येऊ द्यायची. पण फ्रीव्हीलच्या (पेडल थांबलं तरी चाक फिरत राहतं अशा) सायकलला उलटं पेडल मारून मागे नेता येत नाही. म्हणून शिकताना हलकासा चढ शोधावा. मागे आणायचं काम उतार करतो, तुमच्याकडे फक्त पुढे ढकलणं उरतं.

बाकीचं अंगाचं. दोन्ही पेडल आडवी, भरवशाचा पाय पुढे आणि चाक त्याच पायाच्या बाजूला वळवलेलं. गुडघे, कोपर सैल. नजर तीन-चार मीटर पुढे. चाकाकडे बघितलंत की गेलात.

(दृश्य: कातळाची धार. सायकल मागच्या चाकावर उभी.)

कातळाच्या टोकावर पुढे-मागे व्हायला जागा कुठली? तिथे दोन्ही ब्रेक करकचून दाबायचे आणि कमरेने तोल राखायचा. कमरेचंही पुरेनासं झालं की छोटी उडी मारायची. उडीचा हेतू उंची गाठणं नसून टायर पुन्हा आपल्या वजनाखाली आणून ठेवणं हा असतो.

मागच्या चाकावर उभं राहणं त्याच्या पुढचं. पुढचं चाक खाली यायला लागलं की ब्रेक सोडायचा, पेडलला एक झटका द्यायचा आणि लगेच ब्रेक पकडायचा. मागे कलंडायला लागलं की ब्रेक न सोडता मागे उडी. झटका उशिरा बसला की खेळ आटोपला. माझ्या मते ट्रायल्सची सायकल विचित्र दिसते त्याचं कारण हेच: तिची जवळजवळ प्रत्येक गोष्ट उशीर कमी करण्यासाठी केलेली आहे.

(दृश्य: क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, बसवलेल्या फ्रीव्हीलचा क्लोजअप. टकटक आवाज.)

फ्रीव्हीलच बघा. नेहमीच्या सायकलला ते मागच्या चाकावर असतं, इथे ते पुढे क्रँकवर. पेडल मारल्यावर पकड बसायच्या त्याला एका फेरीत १८ जागा असत्या, तर पेडल २० अंशांपर्यंत पोकळ फिरलं असतं. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर ते जवळजवळ सहा सेंटिमीटर होतात. तेवढ्यात माणूस खाली. म्हणून ७२ किंवा १०८ जागांची फ्रीव्हील वापरतात. १०८ असतील तर पोकळ जाणारं अंतर एका सेंटिमीटरवर येतं.

ब्रेकचंही तसंच. कित्येक जण अजून मागुरा या जर्मन कंपनीचे हायड्रॉलिक रिम ब्रेक लावतात आणि रिमची कड ग्राइंडरने खरबरीत करून घेतात. मघाची किंचाळी त्याचीच. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ग्राइंडर काय, कोणत्याही वर्कशॉपमध्ये मिळेल. पण रिम अ‍ॅल्युमिनियमची असते. उत्साही कारागिराच्या हाती देऊन चहाला जाऊ नका. नुसते उथळ ओरखडे हवेत. शिवाय अशी रिम ब्रेकपॅड भराभर खाते.

मागचा टायर रुंद, हवा कमी, म्हणजे दगडाला मिठी मारतो. २० इंची चाकांच्या ट्रायल्स सायकलला सीटच नसते, उडी मारताना ती मध्ये येते. क्रँकखाली दगड आपटतो, त्यासाठी धातूचं कवच.

सुरुवातीला यातलं काही विकत घ्यायची गरज नाही. घरची जुनी एमटीबी (माउंटन बाइक) काढा, सीट पूर्ण खाली करा, पैसे आधी ब्रेकवर घाला. त्यानंतर हेल्मेट आणि नडगीचे गार्ड. पेडलचे खिळे नडगीला लागले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आणि सराव पांडवलेणीच्या पायऱ्यांवर नको. ते संरक्षित स्मारक आहे, कितीही मोह झाला तरी.

(दृश्य: जुन्या मोटरसायकलींची छायाचित्रं, मग पुन्हा नदीपात्र.)

हा खेळ आला मोटरसायकलकडून. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल १९०९ पासूनची. सायकलवर तो उतरला स्पेनच्या कातालुन्यात, १९७०च्या दशकात. त्यात पुढाकार माँतेसा मोटरसायकल कंपनीतल्या पेरे पी यांचा. त्यांचा मुलगा ओत पी पुढे सायकल ट्रायल्सचा जगज्जेता झाला. २००९ मध्ये डॅनी मॅकास्किल या स्कॉटिश सायकलपटूचा एडिनबरोतला व्हिडिओ इंटरनेटवर गाजला आणि जगभरच्या पोरांनी कठड्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली.

मोटरसायकल ट्रायल्सची गुणपद्धत सोपी आहे. पाय टेकला नाही तर शून्य, एकदा टेकला तर एक, दोनदा दोन, त्याहून जास्त वेळा तीन, टप्पा पूर्णच झाला नाही तर पाच. ज्याचे कमी, तो जिंकला.

फिरायला आलेले एक काका बराच वेळ बघत होते. हा नियम ऐकल्यावर काठी टेकवून दगडावरच बसले.

“कर रे परत पहिल्यापासून. मी मोजतो.”

“काका, मघाचा धरू नका हां.”

“मघाचे दोन झाले. चल.”