खरं कोण सांगणार?

मंडळी, धुळ्यात उभं राहून अफवांवर बोलायचं आणि राईनपाड्याचं नाव टाळायचं, हे मला जमणार नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्याआधीपासून मोबाइलवर फिरत होते. जमावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली.

मर्यादेनं वेग कमी होतो, कबूल. पण ‘अशी टोळी नाही’ हे त्या पाड्यावर कुणी सांगायचं होतं? आणि कुठल्या बोलीत? अफवा पुढे ढकलायला अंगठा पुरतो. ती तपासायला कुणीतरी पोलीस ठाण्यात जायचं, खरंच एखादं मूल हरवलंय का ते विचारायचं, मग अहिराणीत, भिल्लीत, पावरीत सांगायचं. याला माणसं लागतात, पगार लागतो. जाहिरातदार तो देणार नाही, पाड्यावर त्याचं गिऱ्हाईकच नाही. खासगी एफएमवाल्यांना तर सरकारनं स्वतःच्या बातम्या देऊच दिलेल्या नाहीत. आकाशवाणीच्या आहेत तशा लावायच्या. म्हणजे रेडिओवरच्या बातमीचा सगळा भार लोकांच्या पैशावर चालणाऱ्या एकाच संस्थेवर.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी रेडिओ म्हणजे सरकारची पिपाणी. आणीबाणीत ती होतीच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. म्हणून तर १९७८ मध्ये वर्गीज समितीनं आकाशवाणी-दूरदर्शन स्वतंत्र न्यासाकडे द्या, असं सुचवलं. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या ‘प्रसार भारती’ या संस्थेचा कायदा झाला १९९० मध्ये, लागू व्हायला १९९७ उजाडलं. सात वर्षं! मधल्या काळात, १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सांगून टाकलं होतं. तरी पैशाची नाडी अजून दिल्लीच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाच्याच हातात आहे.

ही नाडी का सुटायला हवी, ते नवापूरवरून सांगतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात निघाला. रोग खरा होता, कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२० मध्ये ‘कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो’ असं पसरलं. ते साफ खोटं होतं, पण देशभर खप कोसळला आणि पोल्ट्रीवाले बुडाले. आता त्या शेतकऱ्याच्या जागी बसून बघा. ‘हो, रोग आहे’ हेही ज्याच्या तोंडून त्यानं ऐकलंय, त्याच्याच ‘नाही’वर तो विश्वास ठेवील. जो आवाज कायम ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणतो, त्याचं ‘ही अफवा आहे’ कोण ऐकणार? सरकारला अडचणीची बातमी देण्याची मुभा नसेल, तर अफवा खोडायची ताकदही उरत नाही. खुलासे छापणारं खातं वेगळं आणि बातमी देणारी संस्था वेगळी; आपल्याकडे दोन्हींची गल्लत फार होते.

प्रादेशिक बातम्या पुण्याहून येतात, येऊ द्या. पण जळगाव केंद्रात नंदुरबारची बातमी कोण आणतं, धडगावची कोण तपासतं, आणि ती पावरीत रोज कोण सांगतं? खासदार मतं मागायला येतील तेव्हा रस्त्याबरोबर हेही विचारा. पैसा आपलाच आहे.