थंड नसलं तरी चालणारं थम्सअप

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय "कोका-कोलाच्या पोटात जाऊनही थम्सअप टिकलं कसं", आणि त्याचं उत्तर आज मी देणार आहे, पण आधी एक गोष्ट पक्की करून घेऊया कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. थम्सअप हे थंड नसलं तरी चांगलं लागतं. लग्नात, बारशात, एसटीत शेजारी बसेल त्याला मी हे सांगत आलोय, आज पहिल्यांदा माईक हातात आलाय तेव्हा जरा सवडीनं सांगतो. शुगरवाल्यांनी नुसतं ऐकायचं, वहिनींकडं बघायचं नाही.

मागं पोरं बसलीत त्यांच्यासाठी थोडा इतिहास, मोठ्यांना पाठच आहे. १९७७ साली आणीबाणी उठली, जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. १९७३ चा फेरा कायदा होताच, परदेशी कंपनीनं इथला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा असा. कोका-कोलाला ते पटलं नाही, फॉर्म्युला दुसऱ्याच्या हातात जाऊ द्यायचा नव्हता, कंपनी गाशा गुंडाळून गेली. मग सरकारनंच एक कोला काढला, नाव ठेवलं डबल सेव्हन, सत्त्याहत्तर सालचा म्हणून, आणि त्याचा फॉर्म्युला केला आपल्या म्हैसूरच्या सीएफटीआरआयनं, म्हणजे सरकारच्याच अन्नसंशोधन संस्थेनं. आपल्या म्हटलं की तिकडं कोपऱ्यात कुणीतरी हसलं! अहो म्हणू द्या की, सीमाप्रश्न कोला पिऊन झाल्यावर बोलूया. तर तो सरकारी कोला काही चालला नाही. दिल्लीकडं कॅम्पा आला, आणि मुंबईत पार्लेच्या चौहान बंधूंनी थम्सअप काढलं.

आता इथं नीट लक्ष द्या. चौहानांनी कोकची नक्कल करून सोडून दिलं नाही. दालचिनी, वेलची, जायफळ असले मसाले घालून बघितले, गॅस जोरात ठेवला, आणि फ्रिज नसलेल्या फेरीवाल्यालाही ते विकता आलं पाहिजे, गार नसलं तरी त्यात दम राहिला पाहिजे असं धरून चालले. म्हणजे आपला उन्हाळा आणि आपली टपरी डोळ्यांसमोर ठेवून केलेलं पेय आहे हे.

मला हे कुठं कळलं? मामांच्या दुकानात. खानापूर स्टँडजवळ मामांचं कोल्ड्रिंकचं दुकान होतं, शाळेला सुट्टी लागली की मी तिथंच. पत्र्याचा टब, त्यात बाटल्या आडव्या, वर बर्फाचे खडे, त्यावर ओलं पोतं. लादी बेळगावाहून यायची, पोत्यात गुंडाळून, भुसा लावून, आणि येईपर्यंत तिचे कोपरे गोल झालेले असायचे. मामा टोच्यानं ती फोडायचे. एक खडा उडून माझ्या तोंडात यावा म्हणून मी समोरच उभा, मामा म्हणायचे, बाजूला हो रे, डोळा जाईल. फ्रिज होता हो दुकानात, पण लाईट कुठं असायची, मे महिन्यात तर तो फ्रिज म्हणजे नुसतं कपाटच.

दुपारी चार वाजले की टबात बर्फ नाही, नुसतं कोमट पाणी. आणि नेमक्या त्याच वेळी जांबोटीकडच्या, लोंढ्याकडच्या गाड्या यायच्या, माणसं उतरायची ती लाल मातीनं माखलेली, भुवयासुद्धा लाल. कुणी मराठीत मागायचं, कुणी कानडीत, "अण्णा, ओंदु थम्सअप कोडी," एक थम्सअप द्या. मामा प्रामाणिक माणूस, आधीच सांगायचे की बाबा गार नाही. तर समोरचा म्हणायचा, "इरली, कोडी." असू दे, द्या. आणि ओपनर टेबलाला खिळ्यानं ठोकलेला, त्यावर टक्क, फस्स, आणि तो माणूस उभ्या उभ्या अर्धी बाटली संपवायचा आणि मग असा काही ढेकर द्यायचा की बाकड्यावर झोपलेला कंडक्टर जागा व्हायचा. गोल्ड स्पॉट, पार्लेचंच नारिंगी पेय, ते मात्र कोमट झालं की कुणी घेत नव्हतं, पोरंसुद्धा अर्धं ठेवून जायची, कारण थंडपणा काढला की खाली नुसतं गोड पाणी. हा फरक मी रोज बघत होतो.

काहीजण मीठ मागायचे. चिमूटभर मीठ बाटलीच्या तोंडातून सोडलं की फेस सरसर वर चढतो, तो अंगठ्यानं दाबायचा, थोडा बसू द्यायचा, मग तोंड लावायचं. जमलं नाही तर सदरा चिकट. बसलेल्या वऱ्हाडातल्या नवरदेवानं एकदा हा प्रयोग केला होता, ते सांगत बसलो तर रात्र होईल, पण सफारी पांढरी होती एवढं सांगतो.

यामागं साधं शास्त्र आहे. पाणी जितकं गार तितका गॅस त्यात जास्त मावतो. शून्य अंशाला जेवढा कार्बन डायऑक्साइड पाण्यात राहतो त्याच्या निम्म्याहून कमी २५ अंशाला राहतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात टबातलं पाणी २५ च्या वरच. म्हणून कोमट बाटली फोडली की गॅस पळतो. मुळात गॅस भरपूर असेल आणि पाठीमागं मसाल्याचा तिखटपणा असेल, तर पळून पळूनही घशाला लागायला काहीतरी उरतं.

आता माझं एक गाऱ्हाणं ऐकून घ्या. पुणे-बेंगळूर हायवेवर निपाणीच्या पुढं एक मोठं हॉटेल आहे, नाव घेत नाही. जेवायला बसलो, थम्सअप सांगितलं. पोरगा घेऊन आला ग्लास, काठोकाठ बर्फ, लिंबाची चकती, स्ट्रॉ, आणि त्या बर्फाच्या फटीफटीत काहीतरी काळं. एक घोट घेतला, हे थम्सअप नव्हे. विचारलं तर म्हणतो, सेम असतंय सर. सेम कसं असेल रे बाबा! मॅनेजरला बोलावलं, तो म्हणाला साहेब कोला सगळे एकच. बायको म्हणायला लागली अहो जेवण गार व्हायलंय, पण मला घासच उतरेना, कारण नाव घेऊन मागितलेली वस्तू न देता वर आपल्यालाच समजावणं हे मला सहन होत नाही. बाटली टेबलावर आणायची, समोर फोडायची, ग्लास ज्याला पाहिजे तो मागेल. शेवटी तो पोरगाच, बिचारा, रस्ता ओलांडून पानपट्टीवर गेला आणि काचेची बाटली घेऊन आला. वर धूळ होती, गार अजिबात नव्हती. पुसून प्यायलो, आणि मग जेवलो दोन भाकऱ्या जास्त.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, पटपट मूळ विषय घेतो.

१९९० ला पेप्सी आली, लेहर पेप्सी नावानं. पार्लेनं थम्सअपची ३०० मिलीची मोठी बाटली काढून टक्कर दिली, महाकोला. १९९३ ला कोका-कोला परत आली आणि पार्लेचे ब्रँडच विकत घेतले, थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा, सिट्रा, साधारण ६ कोटी डॉलरला. फँटाला जागा पाहिजे म्हणून गोल्ड स्पॉट गेलं, सिट्रा पण गेलं. थम्सअपच्याही जाहिराती आटल्या, लोक आपोआप कोकवर येतील असा हिशोब. लोक काही आले नाहीत. थम्सअप मिळालं नाही तर हे गिऱ्हाईक पेप्सीकडं जाईल हे कंपनीच्या ध्यानात आलं, मग परत पैसा ओतला, डोंगरावरून उड्या मारणारे हिरो आले, आणि २०२१ साली थम्सअपची विक्री एक अब्ज डॉलरच्या वर गेली, हे कोका-कोलानंच जाहीर केलं.

माझं म्हणणं असं की गोल्ड स्पॉटची जागा दुसरं नारिंगी पेय घेऊ शकलं, कारण दोन्हींना फ्रिज लागतो. थम्सअपची जागा कोकला घेता आली नाही, कारण चार वाजताच्या कोमट टबात कोक उभं राहत नाही. ते जाहिरातीनं वाचलेलं नाही, "इरली, कोडी" म्हणणाऱ्यांनी वाचवलंय. कॅम्पा पण आता परत आलाय, २०२२ ला रिलायन्सनं घेतला आणि २०२३ ला बाजारात आणला, मला त्यात झटका कमी वाटतो, त्यावर वाद घालायचा असेल त्यांनी बाहेर भेटा.

शेवटचं. प्लास्टिकच्या बाटलीच्या भिंतीतून गॅस हळूहळू निघून जातो, काचेतून जात नाही. म्हणजे ज्या गॅसवर हे पेय उभं आहे तोच आपण दुकानात ठेवून ठेवून घालवायलोय. इथं खानापुरातले दोन-तीन दुकानदार बसलेत, त्यांना हात जोडून विनंती, एक क्रेट काचेचं ठेवा, रिकाम्या बाटल्या परत आणून द्यायची जबाबदारी आमची, आणि फ्रिजमध्ये जागा नसली तर सावलीत ठेवा, आम्हाला चालतंय.